शब्दांनी चालणारे अवजार

“तुम्ही मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थिनी; तुम्हाला या संगणकाच्या खटपटी कशाला हव्यात?” हा प्रश्न मला आतापर्यंत अनेकांनी विचारला आहे. विचारणाऱ्यांत विज्ञान शाखेतील मित्र आहेत, तशीच घरची वडीलधारी माणसेही आहेत. प्रश्नामागे एक समजूत दडलेली असते. संगणक म्हणजे आकड्यांचा आणि कळांचा कारभार. भाषेच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये, अशी ती समजूत. गेली दोन वर्षे महाविद्यालयाचे तास आटोपल्यावर मी एका लहानशा कार्यालयात वेब-ॲप्लिकेशने बांधण्याचे काम शिकते आहे. तेथील माझा अनुभव या समजुतीच्या अगदी उलट आहे. तेथे दिवसभर ज्या अवजाराशी गाठ पडते, ते शब्दांनी चालते. त्याला क्रियापद लागते, कर्म लागते, विशेषणे लागतात. एक अक्षर चुकले तर ते अडून बसते. या अवजाराला ‘कमांड लाइन’ साधन म्हणतात.

अशी साधने आज पुष्कळ आहेत आणि त्या सर्वांची यादी येथे देण्यात स्वारस्य नाही. शितावरून भाताची परीक्षा या न्यायाने मी ‘अँग्युलर सीएलआय’ हे एकच साधन उदाहरणादाखल घेणार आहे. इतरांचा उल्लेख ओघाने येईल. माझे म्हणणे थोडक्यात असे, की आज्ञा लिखित असल्यामुळे काम जपून ठेवता येते, दुसऱ्याच्या हाती सोपवता येते आणि जसेच्या तसे पुन्हा करता येते. परंतु तीन-चार शब्दांची आज्ञा आपल्या नावावर शेकडो ओळी लिहून मोकळी होते. म्हणूनच तिने काय लिहिले हे वाचण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

घटक म्हणजे काय?

ब्राउझरमध्ये उघडणारा आणि आपल्या प्रत्येक कृतीला उत्तर देणारा कार्यक्रम म्हणजे वेब-ॲप्लिकेशन. रेल्वेचे आरक्षण किंवा बँकेचे खाते ही त्याची नित्याची उदाहरणे. समजा, आपल्याला एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी असे ॲप्लिकेशन बांधायचे आहे. वरच्या बाजूला शोधाची पेटी, खाली पुस्तकांची यादी, आणि यादीत प्रत्येक पुस्तकाचे एक छोटे कार्ड: नाव, लेखक, प्रत कपाटात आहे की कोणी नेली आहे. हेच कार्ड ‘नवीन आलेली पुस्तके’ या पानावर लागणार, ‘माझ्याकडील पुस्तके’ या पानावरही लागणार. प्रत्येक पान स्वतंत्र लिहिले, तर तेच कार्ड दहा ठिकाणी लिहावे लागेल. आणि पुढे त्यात प्रकाशकाचे नाव घालायचे ठरले, की दहा ठिकाणी दुरुस्ती. त्यातली एक जागा राहून जाणार हे ठरलेलेच!

यावर उपाय असा, की ते कार्ड एकदाच घडवावे, त्याचे रूप आणि त्याचे वागणे एका ठिकाणी लिहावे, आणि जेथे हवे तेथे फक्त त्याचे नाव घ्यावे. जुन्या छापखान्यात चित्राचा ठोकळा एकदा करून ठेवीत आणि लागेल त्या पानात बसवीत, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की या ठोकळ्याला माहिती देता येते. एकाच ठोकळ्याला ‘कोसला’ची माहिती दिली की तो ‘कोसला’चे कार्ड होतो, ‘रणांगण’ची दिली की ‘रणांगण’चे. अशा ठोकळ्याला ‘कंपोनंट’ किंवा घटक म्हणतात. ॲप्लिकेशन म्हणजे अशा लहानमोठ्या घटकांचा एकात एक बसलेला संसार.

ही कल्पना आजची नव्हे. १९६८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतील गार्मिश येथे संगणकतज्ज्ञांची एक परिषद भरली होती. तीत बेल लॅबोरेटरीजचे डग्लस मॅकिलरॉय यांनी असे मांडले, की इतर यंत्रविद्यांत तयार सुटे भाग मिळतात आणि अभियंता त्यांतून यंत्र जुळवतो. संगणकाचे कार्यक्रम मात्र प्रत्येक वेळी मुळापासून लिहिले जातात. येथेही तयार घटकांचा बाजार हवा. याच मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ साली युनिक्स या प्रणालीत ‘पाइप’ आला. एका लहान आज्ञेचे फलित दुसऱ्या आज्ञेच्या हाती देणारी ही नळी. म्हणजे ‘घटक’ आणि ‘आज्ञा’ या दोन कल्पनांची सोयरीक फार जुनी आहे. वेबच्या पानांत घटक रुजले ते मात्र बरेच उशिरा. फेसबुकचे ‘रिॲक्ट’ २०१३ साली सर्वांसाठी खुले झाले, इव्हान यू यांचे ‘व्ह्यू’ २०१४ साली आले, आणि गुगलने आपल्या २०१० च्या ‘अँग्युलरजेएस’चे संपूर्ण नवे रूप ‘अँग्युलर’ या नावाने सप्टेंबर २०१६ मध्ये प्रसिद्ध केले.

अवजाराची गरज

आता कोणी विचारील, की घटक लिहिले, ब्राउझरपुढे ठेवले, की झाले; मध्ये हे अवजार कशाला? अडचण अशी, की आपण जे लिहितो ते ब्राउझरला जसेच्या तसे समजत नाही. अँग्युलरचे घटक ‘टाइपस्क्रिप्ट’ या भाषेत लिहितात. ही भाषा मायक्रोसॉफ्टने २०१२ साली आणली. ब्राउझरला कळते ती ‘जावास्क्रिप्ट’. तेव्हा आधी भाषांतर हवे. मग शेकडो फायली एकत्र बांधायच्या, न लागणारा भाग गाळायचा, राहिलेला दाबून लहान करायचा, बांधणी मोडलेली नाही याची परीक्षा घ्यायची. हे सारे हाताने करू म्हटले, तर लिहिण्यापेक्षा ही उस्तवारच जास्त.

अशी उस्तवार यंत्रावर सोपवण्याची रीत जुनीच. १९७६ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचे साधन लिहिले. कोणती फाइल कोणत्या फायलीवर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवले, की बदललेला तेवढाच भाग ते पुन्हा बांधून देत असे. २००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी ‘रुबी ऑन रेल्स’ लोकांपुढे ठेवले. त्याने एक पाऊल पुढे टाकले आणि फायली बांधण्याबरोबर त्या लिहून देण्यासही आरंभ केला. त्यामागचे तत्त्व मराठीत ‘वहिवाट’ या एका शब्दात सांगता येईल. कोणती फाइल कोठे ठेवावी, तिला नाव काय द्यावे, हे दर वेळी ठरवत बसू नये. एक वहिवाट पाडावी आणि जेथे ती मोडायची असेल तेथेच वेगळे सांगावे. ‘एम्बर’ या वेबचौकटीच्या साधनाने ही वहिवाट ब्राउझरच्या जगात आणली. अँग्युलरचे साधन आरंभी या एम्बरच्या साधनाच्याच पायावर उभे होते. त्याची पहिली पक्की आवृत्ती मार्च २०१७ मध्ये आली.

आज्ञेचे व्याकरण

या साधनाशी आपण टर्मिनल नावाच्या खिडकीतून बोलतो. तेथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत. एक लुकलुकणारी रेघ आपल्या शब्दांची वाट पाहत असते. आज्ञा प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात. येथे मी त्या उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिते. पहिली आज्ञा अशी: ‘एनजी न्यू ग्रंथालय’. ‘एनजी’ हे साधनाचे नाव. अँग्युलर या शब्दाच्या पोटातली ती दोन रोमन अक्षरे. आपण त्यांचा उच्चार ‘ङ्ग’ असा करू. ‘न्यू’ म्हणजे नवे बांध. ‘ग्रंथालय’ हे आपण दिलेले नाव.

एवढे टंकले, की साधन एक-दोन प्रश्न विचारते, उत्तरे घेते आणि कामाला लागते. नवे फोल्डर तयार होते. त्यात पहिले पान, पहिला घटक, टाइपस्क्रिप्टचे नियम, बांधणीचे नियम आणि लागणाऱ्या तयार पॅकेजांची यादी अशा फायली येतात. ती पॅकेजे इंटरनेटवरून उतरवली जातात, आणि पुढील बदलांची नोंद राहावी म्हणून ‘गिट’ची वहीसुद्धा उघडली जाते. दुसरी आज्ञा ‘एनजी सर्व्ह’. ती आपल्याच संगणकावर एक तात्पुरता सर्व्हर चालू करते. ब्राउझरमध्ये ४२०० या क्रमांकाच्या दारावर गेले, की ॲप्लिकेशन दिसू लागते. आणि एखादी ओळ बदलून जतन केली, की पान आपोआप नवे होते.

तिसरी आज्ञा भाषेच्या विद्यार्थ्याला विशेष रंजक वाटेल: ‘एनजी जनरेट कंपोनंट पुस्तक-कार्ड’. येथे वाक्य पूर्ण झाले आहे. ‘एनजी’ला संबोधन, ‘जनरेट’ हे आज्ञार्थी क्रियापद, ‘कंपोनंट’ ही कर्माची जात आणि ‘पुस्तक-कार्ड’ हे त्याचे विशेषनाम. फळ म्हणून चार फायली तयार होतात. एकीत घटकाचे वागणे, दुसरीत त्याचा मांडणीचा मजकूर, तिसरीत त्याचा पेहराव, म्हणजे रंग, अंतरे व अक्षरांचे आकार, आणि चौथीत त्याची परीक्षा. या आज्ञेचे संक्षिप्त रूपही चालते: ‘एनजी जी सी’. रोजच्या वापराने शब्द झिजतात हा भाषाशास्त्राचा नियम येथेही खोटा ठरत नाही.

वाक्याला क्रियाविशेषणेही जोडता येतात. दोन आडव्या रेघा देऊन ‘ड्राय-रन’ असे लिहिले, की साधन काहीही न करता फक्त सांगते की मी अमुक फायली निर्माण केल्या असत्या. म्हणजे ‘कर’ या आज्ञार्थाचे ‘केले असतेस तर काय झाले असते?’ असे संकेतार्थी रूप! नवशिक्याने प्रत्येक नवी आज्ञा प्रथम याच रूपात वापरावी असे मी आग्रहाने सांगेन.

यावर असा आक्षेप घेतला जातो, की माउसने बटण दाबणे सोपे असताना टंकण्याचा हा द्राविडी प्राणायाम कशाला? बटण दाबणे म्हणजे बोट दाखवणे. लहान मूल प्रथम बोट दाखवते, आणि समोर असलेल्या वस्तूपुरते ते पुरतेही. पण जे समोर नाही त्याविषयी बोलायचे, कालचे काम उद्या पुन्हा करायचे, आपली रीत दूरच्या माणसाला कळवायची, तर शब्द लागतात. ‘वरच्या डाव्या कोपऱ्यातले तिसरे बटण दाबा, मग खाली या’ असे पत्रातून सांगणे किती कष्टाचे असते! आणि पुढच्या आवृत्तीत ते बटणच हलवले तर पत्र वाया गेले. आज्ञा मात्र वहीत उतरवता येते, पत्रात पाठवता येते, फायलीत ठेवून रात्री आपोआप चालवता येते. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कार्यक्रम लिहितात, तीही याच आज्ञा देतात. कारण शब्दांत मांडलेली कृती त्यांना वाचता येते आणि लिहिताही येते.

‘एनजी टेस्ट’ ही आज्ञा सर्व परीक्षा घेते. अनेक वर्षे यासाठी ‘कर्मा’ नावाचे साधन वापरीत. २०२३ साली ते निवृत्त ठरवण्यात आले, आणि नोव्हेंबर २०२५ मधील एकविसाव्या आवृत्तीपासून नव्या प्रकल्पांत ‘व्हिटेस्ट’ येते. कर्मापासून सुटका अशीही होते म्हणायची! ‘एनजी बिल्ड’ ही आज्ञा प्रकाशनासाठी अंतिम बांधणी करते. फायलींच्या नावांना ती अक्षर-अंकांचे एक शेपूट जोडते. मजकूर बदलला की शेपूट बदलते, आणि त्यामुळे वाचकाच्या ब्राउझरने जपून ठेवलेली शिळी प्रत आपसूक बाद होते. बांधणीच्या वजनाची मर्यादाही लिहून ठेवता येते. ती ओलांडली की साधन काम नाकारते. साधा फोन आणि अर्धवट नेटवर्क यांवर पान उघडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ही मर्यादा मोलाची आहे.

जुन्या लेखनाचे नवे शुद्धलेखन

१९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चार न होणारे अनुस्वार गेले, हे आपण व्याकरणाच्या तासाला शिकतो. नियम बदलले तरी आधी छापलेली पुस्तके तशीच राहिली. नव्या आवृत्तीसाठी कोणाला तरी बसून एकेक अनुस्वार पुसावा लागला. कोणता अनुस्वार काढायचा आणि कोणता ठेवायचा, हे कळण्यासाठी तो माणूस जाणताही असावा लागला.

अँग्युलरची नवी प्रमुख आवृत्ती सुमारे सहा महिन्यांनी येते, आणि तीत लिहिण्याचे नियम कधी कधी असेच बदलतात. २०१८ च्या सहाव्या आवृत्तीपासून ‘एनजी अपडेट’ ही आज्ञा आली. ती नवी पॅकेजे आणते. शिवाय आपण लिहिलेल्या जुन्या फायली वाचून त्यांतील जुन्या रीती नव्या रीतींनी बदलते. जणू नियम करणाऱ्या मंडळानेच घरोघर शुद्धलेखनकार धाडावा! परंतु तिच्या दोन अटी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. गिटच्या वहीत न नोंदलेले बदल शिल्लक असतील, तर ती काम सुरू करीत नाही. आणि एका वेळी ती एकच प्रमुख आवृत्ती ओलांडू देते. पहिल्या अटीमुळे साधनाने काय बदलले ते आपल्या लेखनापासून वेगळे दिसते. दुसरीमुळे काही बिघडलेच, तर ते कोणत्या पायरीवर बिघडले हे कळते. यंत्राने केलेले बदल माणसाने ओळीने वाचावेत, हा या अटींचा अर्थ. पुष्कळजण ते वाचत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

आयत्या घराचे वासे

आता नाण्याची दुसरी बाजू. ‘एनजी न्यू’ने आणलेली पॅकेजे आपण लिहिलेली नसतात. ती ‘एनपीएम’ नावाच्या सार्वजनिक भांडारातून येतात. २०१० साली सुरू झालेल्या या भांडारात कोणीही आपले पॅकेज ठेवू शकतो आणि कोणीही ते घेऊ शकतो. एक पॅकेज दुसऱ्यावर अवलंबून, दुसरे तिसऱ्यावर. असे करता करता एका साध्या प्रकल्पात शेकडो अनोळखी माणसांचे लेखन येऊन बसते. मॅकिलरॉय यांनी मागितलेला घटकांचा बाजार खरोखर भरला आहे. मात्र बाजारात जशी सचोटी असते तशी लबाडीही असते, आणि कधी एखाद्याचा रुसवाही असतो.

मार्च २०१६ मध्ये एका लेखकाने नावाच्या वादातून आपली सर्व पॅकेजे भांडारातून काढून घेतली. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे एक पॅकेज होते, अवघे ११ ओळींचे. एखादा शब्द ठरावीक लांबीचा व्हावा म्हणून त्याच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणे, एवढेच त्याचे काम. पण त्याच्यावर मोठमोठी साधने उभी होती. जगभर बांधण्या मोडल्या, आणि भांडाराच्या चालकांना काही तासांत ते पॅकेज स्वतःहून परत ठेवावे लागले. पुढे पॅकेज काढून घेण्याचे नियमच कडक झाले. २०१८ साली ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या पॅकेजच्या थकलेल्या लेखकाने त्याचा सांभाळ एका स्वयंसेवकाकडे सोपवला. त्या नव्या हाताने बिटकॉइनची चोरी करणारे लेखन त्यात गुपचूप आणले. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चॉक’ आणि ‘डीबग’ या अतिशय प्रचारातील पॅकेजांच्या सांभाळकर्त्याला खोट्या ई-मेलने फसवून त्यांच्या विषारी आवृत्त्या काही काळ भांडारात घुसवल्या गेल्या. ज्यांनी नेमकी त्या वेळेत एक साधी आज्ञा दिली, त्यांच्या घरी विष आयते पोहोचले.

यावरचा एक उपाय म्हणजे ‘लॉक’ फाइल. पॅकेजांच्या यादीत बहुधा ‘अमुक आवृत्ती किंवा तिच्याशी जुळणारी पुढची’ अशी सैल भाषा असते. लॉक फायलीत मात्र नेमक्या आवृत्त्या आणि त्यांच्या खुणा उतरलेल्या असतात. २०१७ पासून एनपीएम ती आपोआप लिहिते. ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा प्रसंगी त्या फायलीत फेरफार करते. ‘एनपीएम सीआय’ ही आज्ञा मात्र फायलीबरहुकूम वागते, आणि यादी व फाइल यांचा मेळ नसेल तर थांबते.

या फायलीची किंमत मी गेल्या वर्षी डोळ्यांनी पाहिली. आमच्या कार्यालयात एका संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहाचे ॲप्लिकेशन दुरुस्तीला आले होते. प्रवेशाचे अर्ज त्यावर भरायचे. अर्ज सुरू होण्यास आठ दिवस उरलेले. ते बांधणारी माणसे केव्हाच निघून गेली होती, आणि हाती आलेल्या फोल्डरात लॉक फाइल नव्हती. पॅकेजे नव्याने उतरवली तर आजच्या आवृत्त्या आल्या, बांधणी मोडली. एक जोडावे तर दुसरे निखळावे, असे पाच दिवस चालले. खेड्यातून येणाऱ्या मुलींना वसतिगृह मिळाले नाही तर शिक्षण थांबते, हे आमच्यापैकी कोणाला सांगावे लागत नव्हते. शेवटी संस्थेच्या एका जुन्या लॅपटॉपवर त्याच फोल्डरची मूळ प्रत सापडली. तीत ती फाइल होती. त्या काळच्या ‘नोड’ची आवृत्ती बसवली, ‘एनपीएम सीआय’ टंकले, आणि काही मिनिटांत ॲप्लिकेशन उभे राहिले. एक फाइल जपली गेली, म्हणून अर्ज ठरल्या दिवशी सुरू झाले.

आयत्या सोयीचा आणखी एक धडा ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ या साधनाने दिला. २०१६ साली आलेल्या या साधनाने बांधणीचे सारे नियम आपल्या पोटात झाकून ठेवले होते. नवशिक्यांना त्यामुळे मोठाच दिलासा मिळाला. नियम बाहेर काढायचे तर ‘इजेक्ट’ ही आज्ञा होती, पण ती एकमार्गी; एकदा दिली की सर्व नियमांचा सांभाळ कायमचा आपल्या गळ्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टच्या चमूने हे साधन नव्या प्रकल्पांसाठी वापरू नये असे जाहीर केले. ज्यांना पोटात काय झाकले आहे हे ठाऊक होते, ते ‘व्हीट’सारख्या नव्या साधनाकडे वळले. ज्यांना फक्त आज्ञा पाठ होती, त्यांची पंचाईत झाली. मंत्र पाठ आहे पण अर्थ ठाऊक नाही, अशा पुरोहितासारखी ती अवस्था.

भाषेच्या माणसाची जागा

आरंभीचा प्रश्न आता पुन्हा हाती घेते. या कामात भाषेच्या विद्यार्थ्याला जागा आहे काय? एक जागा तर साधनाने स्वतःच आखून ठेवली आहे. ॲप्लिकेशन अनेक भाषांत करायचे असेल, तर मजकुराला एक खूण लावतात: ‘आय-अठरा-एन’. ‘इंटरनॅशनलायझेशन’ या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर, शेवटचे अक्षर आणि मधल्या १८ अक्षरांची मोजदाद, असा तो संक्षेप. मग ‘एनजी एक्स्ट्रॅक्ट-आय-अठरा-एन’ ही आज्ञा दिली, की खूण केलेला सर्व मजकूर एका फायलीत निघून येतो. ती फाइल भाषांतरकाराकडे जाते. भाषांतर भरून आले, की त्या त्या भाषेची स्वतंत्र बांधणी होते. मराठीसाठी ‘एमआर’ हा संकेत ठरलेला आहे.

येथे यंत्राचे काम संपते आणि भाषेचे सुरू होते. ग्रंथालयाच्या ॲप्लिकेशनमध्ये ‘इश्यू’ हा इंग्रजी शब्द एका ठिकाणी पुस्तक देण्याच्या बटणावर असेल, दुसऱ्या ठिकाणी नियतकालिकाचा अंक या अर्थी, आणि तिसऱ्या ठिकाणी तक्रार या अर्थी. फायलीत तो सुटा शब्द आला तर भाषांतरकाराने काय लिहावे? अँग्युलरने यासाठी खुणेतच अर्थ आणि टिपण लिहिण्याची सोय ठेवली आहे. अर्थ वेगळे लिहिले, की साधन एकाच शब्दाच्या तीन नोंदी करते आणि मराठीत ‘पुस्तक द्या’, ‘अंक’ आणि ‘तक्रार’ असे तीन शब्द येऊ शकतात. ही टिपणे लिहिण्याचा कंटाळा केला, की मग एखाद्या बटणावर भलताच मराठी शब्द दिसतो आणि आपण म्हणतो, मराठीत संगणकाची परिभाषाच नाही! परिभाषा असते, संदर्भ पोहोचलेला नसतो.

ज्या मित्रमैत्रिणींना हे काम शिकावेसे वाटते, त्यांना माझे सांगणे एवढेच. साधन बसवून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत. एक लहानसा प्रकल्प करा, पण आज्ञा देऊन पुढे धावू नका. आधी ‘ड्राय-रन’ने विचारा, मग करू द्या, आणि झाल्यावर तयार झालेली प्रत्येक फाइल उघडून वाचा. ही ओळ येथे का आहे, ती काढली तर काय मोडते, हे करून पाहा. लॉक फाइल गिटच्या वहीत नोंदवा. दिलेल्या आज्ञा प्रकल्पातील टिपणाच्या फायलीत मराठीत समजावून लिहून ठेवा, म्हणजे तुमच्यामागून येणाऱ्याला आठ दिवस उरलेले असताना अंधारात चाचपडावे लागणार नाही. मजकूर काळजीपूर्वक वाचण्याचे, एका शब्दामागचे अनेक अर्थ हेरण्याचे आणि लिहिलेले नीट जपण्याचे जे शिक्षण आपण कला शाखेत घेतो, ते या कामात रोज उपयोगी पडते.